सी-३ नॉर्मल, सीएच-५० शून्य: कोणाचं ऐकायचं?

वाचकाचं पत्र

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला मेनिंगोकॉकसचा मेंदूज्वर झाला होता, त्यातून तो पूर्ण बरा झाला. दोन महिन्यांपूर्वी पुन्हा तोच आजार झाला. या वेळी जंतूचा गट ‘वाय’ निघाला. आता तो सावरला आहे, शाळेतही जातो. ॲडमिट असताना डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या. रक्तपेशी, इम्युनोग्लोब्युलिन, एचआयव्ही, सोनोग्राफीत प्लीहा, सगळं व्यवस्थित निघालं. सी-३ आणि सी-४ नॉर्मल. फक्त सीएच-५० नावाच्या तपासणीपुढे ‘मोजता येण्याच्या मर्यादेखाली’ असं आलं. आमचे डॉक्टर म्हणाले, कॉम्प्लिमेंटची कमतरता असावी. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, सी-३, सी-४ नॉर्मल म्हणजे कॉम्प्लिमेंट ठीक आहे, सॅम्पल खराब झालं असेल, विषय सोडून द्या. कोणाचं ऐकायचं? तपासणी पुन्हा करायची का? धाकटी मुलगी ११ वर्षांची आहे, तिला कधी काही झालेलं नाही. तिचीही करायची का? आणि मुलाची प्रतिकारशक्तीच कमी असेल तर लस देऊन उपयोग काय, असं घरातले विचारतात.

— एक आई

उत्तर

ताई,

निकडीचं आधी सांगते. तपासणी पुन्हा करायची आहे, आणि तिचा निकाल येईपर्यंत मुलाला कॉम्प्लिमेंटची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची, कमतरता आहे असंच धरून वागायचं आहे. विषय मुळीच सोडू नका. एकाच माणसाला मेनिंगोकॉकस दोनदा गाठतो हे इतकं दुर्मीळ आहे की केवळ तेवढ्यावरूनही कॉम्प्लिमेंट तपासायलाच हवं. त्यात दुसऱ्या वेळी ‘वाय’ गट निघाला. कॉम्प्लिमेंटची शेवटची प्रथिनं नसलेल्या रुग्णांत ‘वाय’ आणि ‘डब्ल्यू’सारखे एरवी कमी दिसणारे गट वारंवार सापडतात, आणि त्यांना पहिला आजारही बहुतेकदा तान्हेपणी न होता किशोरवयात होतो. तुमच्या मुलाची हकिगत या वर्णनाशी फार जुळते.

तुमच्या दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सॅम्पल खराब झालं असू शकतं, ही दुसऱ्या डॉक्टरांची शंका रास्त आहे. पण सी-३, सी-४ नॉर्मल म्हणजे कॉम्प्लिमेंट ठीक, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढे अनेकांना तुम्हालाच समजावून सांगावं लागेल.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तात फिरणारी तीसहून अधिक प्रथिनं. त्यांतली बरीचशी यकृतात तयार होतात. एरवी ती निपचित असतात. जंतू दिसला की एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. याची सुरुवात तीन प्रकारे होते. अँटिबॉडी जंतूला चिकटली की तिच्यावर सी-१ बसतं, हा क्लासिकल मार्ग. जंतूच्या अंगावरच्या विशिष्ट साखरा ओळखून सुरू होतो तो लेक्टिन मार्ग. आणि अल्टरनेटिव्ह मार्ग रक्तात सतत मंदपणे चालूच असतो, जंतू सापडला की वेग घेतो. डोंगरावरून तीन ओढे उतरून एका नदीला मिळावेत, तसे हे तीनही मार्ग सी-३ या प्रथिनापाशी एकत्र येतात. तिथून खाली नदी एकच: सी-५, ६, ७, ८ आणि ९. ही पाच प्रथिनं मिळून जंतूच्या आवरणाला आरपार भोक पाडतात.

बहुतेक जंतूंच्या बाबतीत ते भोक पाडणं एवढं महत्त्वाचं नसतं. सी-३चे तुकडे अंगावर चिकटले की पांढऱ्या पेशी जंतूला ओळखून गिळतात, तेवढ्यावर काम भागतं. मेनिंगोकॉकस आणि त्याच्या कुळातले नायसेरिया जंतू याला अपवाद आहेत. त्यांना मारायला ते भोक लागतंच. म्हणून ज्यांच्यात संगमाखालचं एखादं प्रथिन नसतं, ते एरवी ठणठणीत असतात. सर्दी-खोकले चारचौघांसारखे, वाढ उत्तम, आणि अचानक मेनिंगोकॉकस. अशांना या जंतूचा धोका सर्वसामान्य माणसापेक्षा हजार ते दहा हजार पटींनी जास्त असल्याचं वैद्यकीय साहित्यात नोंदलं आहे.

आता सी-३ आणि सी-४ या तपासण्यांकडे पाहा. सी-३ आहे नेमकं संगमावर, आणि सी-४ त्याच्याही वर, क्लासिकल आणि लेक्टिन या दोन ओढ्यांत. संगमापर्यंत पाणी भरपूर आहे म्हणून खालचं पात्र वाहतं आहे, असं कसं म्हणता येईल? सी-६ अजिबात नसलेल्या माणसाचं सी-३ आणि सी-४ अगदी नॉर्मल येतं. शिवाय या दोन तपासण्या प्रथिन किती आहे एवढंच मोजतात, ते काम करतं का हे पाहत नाहीत. आणखी एक गोष्ट आहे: संसर्गाच्या काळात शरीर ही दोन्ही प्रथिनं जास्त बनवतं, त्यामुळे आजारपणात मोजलेला आकडा एरवीपेक्षा चढा असू शकतो.

सीएच-५० काम मोजते. पारंपरिक पद्धतीत मेंढीच्या लाल पेशींवर आधी अँटिबॉडीचा लेप देतात आणि रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव) वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून त्यावर घालतात. कॉम्प्लिमेंट शाबूत असेल तर पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन बाहेर येऊन द्रवाला लाल रंग चढतो. किती पातळ केलेल्या सीरमने निम्म्या पेशी फुटल्या, त्यावरून आकडा काढतात. नावातले ५० ते हेच. सी-१पासून सी-९पर्यंतचं एकही प्रथिन पूर्ण गायब असेल तर पेशी फुटत नाहीत. सी-९ तेवढं वेगळं: ते नसलं तरी आठव्यापर्यंतची साखळी पेशी सावकाश फोडते, त्यामुळे आकडा बराच कमी येतो पण शून्य येत नाही. काही लॅबमध्ये मेंढीच्या पेशींऐवजी लिपोसोम, म्हणजे चरबीचे सूक्ष्म फुगे वापरतात, काही ठिकाणी एलायझा पद्धतीने शेवटी तयार झालेला, भोक पाडणाऱ्या प्रथिनांचा गट मोजतात. या पद्धतींची एककं वेगवेगळी असतात, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहू नका. प्रत्येक आकडा त्याच रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेशीच ताडायचा.

आणि आता दुसऱ्या डॉक्टरांच्या शंकेविषयी. ती मी फार गंभीरपणे घेते, कारण सीएच-५० शून्य येण्याचं नेहमीचं कारण आजार हे नसतंच; सॅम्पलची हेळसांड हे असतं. कॉम्प्लिमेंटची काही प्रथिनं कमालीची नाजूक आहेत. खरं तर कॉम्प्लिमेंटचा शोधच या नाजूकपणामुळे लागला. १८९०च्या दशकात ज्यूल बोर्दे यांनी दाखवलं की ताजं सीरम जंतू मारतं, तेच सीरम तापवलं की ती ताकद जाते, आणि थोडं ताजं सीरम मिसळलं की परत येते. तापवूनही अँटिबॉडी टिकून राहतात, म्हणजे तिच्या जोडीला आणखी काहीतरी असतं जे उष्णतेने नष्ट होतं. या कामासाठी त्यांना १९१९चं नोबेल पारितोषिक मिळालं. आजही लॅबमध्ये सीरममधलं कॉम्प्लिमेंट मुद्दाम नष्ट करायचं असेल तर ते ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवतात. पण बिघडायला ५६ अंशांचीच गरज नसते. टेबलावर काही तास राहिलेलं, दिवसभर साध्या फ्रिजमध्ये पडलेलं, दोन-तीनदा गोठवून वितळवलेलं सीरमही आपली ताकद गमावतं.

यातली गोम अशी, की अशा बिघडलेल्या सॅम्पलमध्येही सी-३ नॉर्मल येऊ शकतं. प्रथिनाचे तुकडे झाले तरी मोजणारं मशीन ते तुकडे ओळखतं आणि मोजतं. म्हणून ‘सी-३, सी-४ नॉर्मल आणि सीएच-५० शून्य’ या जोडीचे अर्थ दोन: मुलाच्या रक्तात एखादं प्रथिन मुळातच नाही, किंवा रक्त वाटेत खराब झालं. तुमच्या हातातल्या कागदावरून या दोहोंत निवड करता येत नाही. डोळे मिटून पहिला अर्थ लावणं चूक, आणि दुसरा अर्थ लावून फाईल बंद करणं ही त्याहून मोठी चूक.

म्हणून आधी लॅबला फोन करा आणि रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं होतं ते विचारा. सीएच-५०साठी सीरम लागतं, म्हणजे रक्त गोठू देणारी, शक्यतो जेल नसलेली साधी लाल झाकणाची ट्यूब. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि त्या दोघांशिवाय कॉम्प्लिमेंटचा एकही मार्ग सुरू होत नाही. तशा ट्यूबमधलं रक्त चुकून वापरलं गेलं असेल तर उत्तर शून्यच येणार. मग विचारा, सीरम वेगळं कधी केलं आणि गोठवलेलं पाठवलं की नुसतं थंड.

नव्या तपासणीची वेळ आता योग्य आहे. गंभीर संसर्गात कॉम्प्लिमेंट वापरलं जाऊन तात्पुरतं कमी होऊ शकतं, म्हणून आजार ओसरल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचं असतं. तुमच्या मुलाला दोन महिने झाले आहेत. शक्य असेल तर जिथे तपासणी होते त्याच लॅबमध्ये मुलाला घेऊन जा, सॅम्पलला प्रवास घडवू नका. ते जमणारं नसेल तर रक्त खोलीच्या तापमानाला अर्धा ते एक तास गोठू द्यायचं, लगेच सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं करायचं, लहान भागांत वाटून उणे ७० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि ड्राय आइसमध्ये पाठवायचं. वाटेत एकदाही वितळता कामा नये. सकाळी, आठवड्याच्या सुरुवातीला रक्त दिलंत तर ते सुट्टीत कुठे अडकून पडणार नाही.

आणखी एक आग्रहाची सूचना. नात्यात नसलेल्या एखाद्या निरोगी मोठ्या माणसाचं रक्त त्याच वेळी, तशाच ट्यूबमध्ये घ्यायला लावा आणि ते त्याच डब्यातून पाठवा. त्या माणसाचा आकडा नॉर्मल आणि मुलाचा शून्य आला, तर सॅम्पल खराब झाल्याची शंका जवळपास संपते. दोघांचेही कमी आले तर दोष प्रवासाचा. अशी जोड पाठवायला लॅब सहसा नाही म्हणत नाही, पण तुम्ही विचारल्याशिवाय ती कोणी सुचवेल असंही नाही.

सीएच-५०सोबत या वेळी एएच-५०ही करून घ्या. तिच्यात सशाच्या लाल पेशी वापरतात आणि कॅल्शियम काढून घेऊन फक्त मॅग्नेशियम ठेवतात. त्यामुळे क्लासिकल आणि लेक्टिन मार्ग बंद पडतात आणि पेशी फुटल्या तर त्या अल्टरनेटिव्ह मार्गानेच. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायचे. दोन्ही शून्य आले तर खोट संगमावर किंवा त्याच्या खाली. तुमच्या मुलाचं सी-३ नॉर्मल आहे, म्हणजे सी-५ ते सी-८ यांपैकी एक नसण्याची शक्यता सर्वांत मोठी. मला याचाच संशय आहे. सीएच-५० शून्य पण एएच-५० नॉर्मल आली तर खोट क्लासिकल ओढ्यात. सी-४ ठीक असल्यामुळे मग सी-१ किंवा सी-२ तपासायचं. या दोघांच्या कमतरतेत जंतुसंसर्गासोबत ल्युपससारखे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार होण्याचा धोकाही असतो, म्हणून पुढची देखरेख वेगळी होते.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. सीएच-५० नॉर्मल आली म्हणून सगळं तपासून झालं, असं होत नाही. प्रॉपर्डिन नावाचं प्रथिन अल्टरनेटिव्ह मार्गात असतं आणि त्याची कमतरता एक्स गुणसूत्रातून येते, म्हणून ती मुलग्यांत दिसते. अशा मुलाची सीएच-५० नॉर्मल असते, फक्त एएच-५० कमी येते, आणि त्याला होणारा मेनिंगोकॉकसचा आजार फार झपाट्याचा असतो. ज्या घरात मामा किंवा भाऊ अशा आजाराने गेला आहे, तिथे एएच-५० केल्याशिवाय थांबू नये.

दुसऱ्या खेपेलाही शून्य आलं तर कोणतं प्रथिन नाही ते शोधायचं. त्यासाठी एकेक प्रथिन वेगळं मोजतात, किंवा मुलाच्या सीरममध्ये एकेक शुद्ध प्रथिन घालून पाहतात. ज्याच्या भरीने पेशी फुटू लागतात, तेच हरवलेलं. ही दुसरी पद्धत जास्त भरवशाची, कारण कधीकधी प्रथिन असतं पण निकामी असतं, आणि नुसत्या मोजणीत ते सुटून जातं. मग जनुकीय तपासणीने पक्कं करायचं. हे काम मोजक्या लॅबमध्ये होतं आणि वेळ घेतं, पण उपचार त्यासाठी अडून राहत नाहीत.

हरवलेलं प्रथिन बाहेरून देत राहण्याची व्यवहार्य सोय आज नाही. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनंही नकोत. त्याच्या अँटिबॉडी व्यवस्थित आहेत, तसं कोणी सुचवलं तर कारण विचारा. संरक्षण मिळतं ते लशींतून आणि तापाच्या वेळी दाखवलेल्या तत्परतेतून.

लशीचा उपयोग काय, हा घरातल्यांचा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर चांगलं आहे. लस घेतल्यावर अँटिबॉडी बनवण्याची त्याची ताकद शाबूत आहे. त्या अँटिबॉडी आणि सी-३ मिळून जंतूवर खूण करतात आणि पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. भोक पाडायची वाट बंद असली तरी गिळायची वाट उघडी आहे, आणि लस तीच रुंद करते. म्हणून अशा रुग्णांना लशीची गरज इतरांपेक्षा जास्त असते. ए, सी, वाय आणि डब्ल्यू या चार गटांवरची संयुक्त लस किमान आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोसांत आणि पुढे दर पाच वर्षांनी बूस्टर, अशी या वयासाठी रूढ शिफारस आहे. ‘बी’ गटाची लस वेगळी असते, ती मिळत असेल तर तीही द्या. न्यूमोकॉकसची लस झाली आहे का, तेही डॉक्टरांना विचारून घ्या. सीएच-५०च्या दुसऱ्या निकालासाठी लस थांबवायचं काहीही कारण नाही. कमतरता नसलीच तरी लशीने नुकसान होत नाही.

पण लस म्हणजे पूर्ण हमी नव्हे. ताप आणि सोबत जोरदार डोकेदुखी, उलट्या, मान ताठणं, उजेड सहन न होणं, गुंगी, किंवा काचेचा पेला दाबूनही फिके न होणारे लाल-जांभळे डाग दिसले तर ताबडतोब हॉस्पिटल. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. डॉक्टरांकडून एक पत्र लिहून घ्या: या मुलाला दोनदा मेनिंगोकॉकसचा आजार झाला आहे, कॉम्प्लिमेंटच्या कमतरतेचा संशय आहे, तापात तपासण्यांचे निकाल येण्याआधीच अँटिबायोटिक सुरू करावं. एक प्रत घरात, एक शाळेत आणि एक फोटो मुलाच्या फोनमध्ये. काही रुग्णांना डॉक्टर दीर्घकाळ पेनिसिलिन देऊन ठेवतात. दोनदा आजार झालेला असल्यामुळे त्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी नक्की बोला.

मुलगा १६ वर्षांचा आहे, म्हणून एक गोष्ट त्याच्याशी मोकळेपणाने बोलायला हवी. गनोरिया हा लैंगिक संबंधातून होणारा आजार ज्या जंतूने होतो, तो मेनिंगोकॉकसच्याच कुळातला आहे आणि या कमतरतेत तो रक्तातून अंगभर पसरू शकतो. हे त्याला तुम्ही किंवा डॉक्टरांनी वेळेत सांगावं. बाकी खेळ, सहली, अभ्यास, कशालाही आडकाठी नको. साध्या सर्दीने घाबरून जाऊ नका. या गटातल्या रुग्णांत दर आजारामागे मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं आहे, तेवढा दिलासा मनाशी ठेवा, पण त्याच्या भरवशावर हॉस्पिटलला जायला उशीर करू नका.

राहिली धाकटी. सी-५ ते सी-९ यांच्या कमतरता आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतात, म्हणून मुलाचं निदान पक्कं झालं तर तिलाही ती असण्याची शक्यता चारात एक. तिला कधी काही झालेलं नाही यावरून काही ठरत नाही. भावालाही १३व्या वर्षापर्यंत काही झालं नव्हतं. भावाचा दुसरा रिपोर्ट शून्य आला की तिची सीएच-५० करा, सॅम्पलची काळजी तीच. ती नॉर्मल आली तर तिची चिंता मिटली. मेनिंगोकॉकसची लस मात्र तिला आताच द्या.

तुम्हा दोघांची सीएच-५० सध्या करू नका. एकच जनुक सदोष असलेल्या माणसाचा आकडा बहुधा नॉर्मलच्या मर्यादेत येतो, त्यातून काही कळणार नाही. मुलाच्या जनुकातला नेमका बदल सापडला, की मग तुमचं रक्त द्या.